शहराचा कायदा सह्यांनी कसा बदलतो आणि कुठे अडतो

शहराच्या कौन्सिलने एखादा कायदा मंजूर केला आणि तो लोकांना पटला नाही, तर एरवी दोनच वाटा दिसतात. सभेत जाऊन आपल्या वाट्याची दोन-तीन मिनिटं बोलायचं, नाहीतर पुढच्या निवडणुकीची वाट बघायची. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आणि काउंट्यांत तिसरी वाटही आहे. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या संख्येने मतदारांच्या सह्या जमवल्या, तर तो कायदा जागच्या जागी थांबतो आणि त्यावर मतदान होतं. कौन्सिल जो कायदा करायला तयारच नाही, तो नागरिकांनी स्वतः लिहून मतपत्रिकेवर आणण्याचीही सोय आहे.

कौन्सिलचा कायदा अडवण्याच्या मार्गाला रेफरेंडम म्हणतात, नवा कायदा मांडण्याच्या मार्गाला इनिशिएटिव्ह. निवडून आलेल्या माणसाला मुदतीआधी परत बोलावण्याचा रिकॉल हा तिसरा प्रकार आहे, पण त्याचे नियम निराळे असल्याने तो इथे बाजूला ठेवते.

या हक्काची चर्चा निघाली की लोक मतदानाच्या निकालाबद्दल बोलतात. मला त्याच्या आधीचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. मेहनतीने उभ्या केलेल्या मोहिमा मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत, त्या एखाद्या तारखेत, न जोडलेल्या पानात किंवा चुकीच्या प्रश्नात अडकतात. लोक नाराज असतात, सह्या करायला तयार असतात, पण कागद नियमात बसत नाही. म्हणून नियम आधी समजून घ्यायला हवेत, आणि ते समजायला वकीलच असायला हवं असं नाही.

हे अधिकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. रेल्वे कंपन्या आणि पक्षांच्या गोटांनी विधिमंडळं आणि नगरपालिका खिशात घातल्या होत्या, त्यावर उतारा म्हणून. १८९८ साली साउथ डकोटा राज्याने ते राज्यघटनेत घातले, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को शहराने आपल्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीत. ओरेगॉनने १९०२ मध्ये राज्यासाठी आणि १९०६ मध्ये स्थानिक पातळीवर, तर कॅलिफोर्नियाने गव्हर्नर हायरम जॉन्सनच्या काळात, १९११ मध्ये. देशभर लागू होणारा एकच कायदा मात्र कधीच झाला नाही. काही राज्यांत नियम राज्याच्या निवडणूक कायद्यात असतात, काही ठिकाणी ते शहराच्या सनदेत, म्हणजे चार्टरमध्ये असतात. दोन शेजारच्या शहरांत सह्यांचा आकडा, मुदत, अर्जाचा नमुना सगळं वेगळं असू शकतं. त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा की आपल्या शहराला स्वतःची सनद आहे का, आणि त्यात या विषयावर काय लिहिलंय. सनद नसेल किंवा ती गप्प असेल, तर राज्याचा कायदा लागतो.

कॅलिफोर्नियाचे नियम बऱ्यापैकी सविस्तर आहेत आणि ते एकदा कळले की बाकी ठिकाणी काय शोधायचं तेही कळतं. म्हणून तिथलंच एक कल्पित शहर घेऊ. नोंदणीकृत मतदार ४०,०००, स्वतःचे वेगळे नियम नाहीत, राज्याचाच निवडणूक कायदा लागू.

इनिशिएटिव्हची सुरुवात सही गोळा करण्यापासून होत नाही. आधी सिटी क्लार्ककडे, म्हणजे शहराच्या नोंदी आणि निवडणुकांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सूचना द्यावी लागते की आम्ही अशी पिटिशन, म्हणजे सह्यांचा अर्ज, फिरवणार आहोत. त्यावर कमीत कमी एका आणि जास्तीत जास्त तीन पुरस्कर्त्यांची सही लागते. सोबत प्रस्तावित कायद्याचा पूर्ण मजकूर द्यायचा. आपली भूमिका सांगणारं ५०० शब्दांपर्यंतचं निवेदन जोडता येतं. शहर २०० डॉलरपर्यंत शुल्क घेऊ शकतं, आणि पिटिशन एका वर्षाच्या आत पुरेशी ठरली तर ते परत मिळतं. मग शहराचा वकील १५ दिवसांत त्या कायद्याचं शीर्षक आणि सारांश लिहून देतो. हा सारांश पुरस्कर्त्यांनी लिहायचा नसतो, आणि तो निःपक्षपाती असायला हवा असं कायदा सांगतो. सही करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी हाच मजकूर येतो, त्यामुळे तो नीट वाचून, आक्षेप असेल तर वेळेत वकिलाचा सल्ला घ्यावा. त्यानंतर सूचना आणि सारांश स्थानिक वर्तमानपत्रात प्रसिद्ध करायचे. एवढं झालं की सह्या सुरू.

शीर्षक आणि सारांश हातात पडल्यापासून १८० दिवस मिळतात. आपल्या शहरात नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के, म्हणजे ४,००० वैध सह्या लागतील. १८० दिवसांत ४,००० म्हणजे रोज साधारण बावीस. चार-पाच स्वयंसेवक संध्याकाळी दोन तास बाहेर पडले तर जमण्यासारखं काम आहे.

रेफरेंडमचा हिशोब फार कठोर आहे. सह्या तेवढ्याच, ४,०००. मुदत फक्त ३० दिवस, तीही क्लार्कने मंजूर कायदा साक्षांकित केल्याच्या तारखेपासून. म्हणजे रोज १३० हून जास्त सह्या हव्यात. आधी सूचना द्यायची किंवा वकिलाच्या सारांशाची वाट बघायची गरज नसते एवढाच दिलासा. या ३० दिवसांमागे कारण आहे. शहराचे बहुतेक कायदे अंतिम मंजुरीनंतर ३० दिवसांनी अमलात येतात आणि ही मधली फट खास लोकांना हरकत घेता यावी म्हणून ठेवलेली आहे. वेळेत पुरेशा सह्या जमा झाल्या की कायदा स्थगित होतो. एकतिसाव्या दिवशी दहा हजार सह्या नेल्या तरी त्यांचा उपयोग शून्य. म्हणूनच एखादा वादग्रस्त विषय कौन्सिलपुढे येतोय असं दिसलं की दुसऱ्या वाचनाच्या, म्हणजे अंतिम मंजुरीच्या, आधीच पिटिशनचा नमुना, छपाई आणि माणसं तयार ठेवावी लागतात. कायदा मंजूर झाल्यावर बैठक बोलावली, तर पहिला आठवडा बैठकीतच जातो.

आता तो कागद हातात घेऊन बघू. पिटिशनचा प्रत्येक संच स्वतंत्र दस्तऐवज असतो. वरच्या भागात ठळक अक्षरांत एक सूचना छापावी लागते की ही पिटिशन पैसे घेऊन सह्या गोळा करणारी व्यक्ती किंवा स्वयंसेवक फिरवत असू शकेल, आणि ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. खाली शीर्षक, सारांश आणि कायद्याचा मजकूर. मग ओळी. प्रत्येक ओळीत मतदाराने स्वतःच्या हाताने छापील अक्षरांत नाव, सही आणि राहण्याचा पत्ता लिहायचा. पत्ता मतदार नोंदणीत आहे तोच हवा. घर बदललं आणि नोंदणी तशीच राहिली तर सही बाद होते. पोस्ट बॉक्सचा क्रमांक चालत नाही. नवऱ्याने बायकोच्या नावापुढे सही केली तर तीही बाद, तिने तोंडी हो म्हटलेलं असलं तरी. शेवटच्या पानावर सह्या गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापन असतं. माझं वय अठरा किंवा जास्त आहे, या सह्या माझ्यासमोर झाल्या, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत झाल्या. हे प्रतिज्ञापन भरायचं राहिलं किंवा तारखा चुकल्या तर एका माणसाची पूर्ण दिवसाची मेहनत धोक्यात येते. म्हणून संच परत आला की त्याच रात्री तपासायचा, आठवड्याअखेरीचा ढीग करायचा नाही.

कायद्याचा मजकूर संपूर्ण जोडायचा, हा नियम सगळ्यात जास्त बळी घेतो. रेफरेंडम असेल तर कौन्सिलने मंजूर केलेल्या कायद्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक संचात हवा, त्यातले जोडपत्र, नकाशे, तक्ते धरून. कॅलिफोर्नियातली न्यायालयं याबाबत ढिलाई सहसा खपवून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सही करणाऱ्याला आपण नेमकं काय अडवतोय ते तिथल्या तिथे वाचता यायला हवं. हेतू योग्य आहे. पण शहराचा विकास आराखडा शेकडो पानांचा असतो. तो कायद्याला जोडलेला असला तर प्रत्येक संच एखाद्या टेलिफोन डिरेक्टरीसारखा जाड होतो आणि छपाईचा खर्च साध्या नागरिक मंडळाला झेपत नाही. हा अडथळा मला अन्यायकारक वाटतो. वाचनीय सारांश आणि पूर्ण मजकुराचा पत्ता एवढ्यावर भागलं पाहिजे. पण नियम आज असा आहे, आणि आजच्या नियमानेच पिटिशन तपासली जाते.

सह्या जमा केल्यावर क्लार्क आधी कच्ची मोजणी करतो. वरवर संख्या पुरेशी दिसली तर तपासणी सुरू. सह्या ५०० पेक्षा जास्त असतील तर सगळ्या तपासण्याऐवजी शितावरून भाताची परीक्षा करण्याची मुभा आहे. यादृच्छिक पद्धतीने ५०० सह्या किंवा एकूण सह्यांच्या ३ टक्के, यांतला मोठा आकडा घ्यायचा आणि मतदार नोंदीशी ताडून बघायचा. आपल्या शहरात समजा ५,००० सह्या आल्या. त्यांचे ३ टक्के १५० होतात, म्हणून नमुना ५०० चा. त्यातल्या ४४५ वैध निघाल्या तर प्रमाण ८९ टक्के, म्हणजे ५,००० पैकी अंदाजे ४,४५० वैध. हे गरजेच्या ११० टक्क्यांहून जास्त आहे, पिटिशन तिथेच पास. ३७५ वैध निघाल्या तर अंदाज ३,७५० चा, गरजेच्या ९५ टक्क्यांहून कमी, तिथेच नापास. मधला, म्हणजे ९५ ते ११० टक्क्यांचा पट्टा आला तर एकेक सही तपासायची. नमुन्याच्या तपासणीला सुट्ट्या वगळून ३० दिवस असतात.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. ४,००० लागतात म्हणून ४,२०० वर थांबू नये. बाहेर उभं राहून गोळा केलेल्या सह्यांत शेजारच्या शहरातले लोक, नोंदणी नसलेले, दोनदा सही केलेले असे बरेच निघतात. आणि नमुन्यात एकाच माणसाची सही दोनदा सापडली तर त्याचा फटका एका सहीपुरता राहत नाही, कारण ५,००० तल्या ५०० मध्येच जोडी सापडली याचा अर्थ पूर्ण गठ्ठ्यात तशा कितीतरी जोड्या असणार. पाव हिस्सा तरी जास्तीच्या सह्या हाताशी असाव्यात.

इथे भारतातून गेलेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सही करण्याचा हक्क त्या शहरातल्या नोंदणीकृत मतदाराला आहे, आणि मतदार होण्यासाठी नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाने, त्या शहरात वीस वर्षं राहून आणि कर भरूनसुद्धा, पिटिशनवर सही करू नये. दारात उभा असलेला माणूस कितीही आग्रह करो. प्रचाराला पाठिंबा द्यायचा असेल तर सभेत बोलणं, पत्र लिहिणं हे मार्ग खुले आहेत.

पिटिशन पुरेशी ठरली की चेंडू कौन्सिलकडे जातो. इनिशिएटिव्ह असेल तर कौन्सिलपुढे तीन पर्याय असतात. कायदा एकही शब्द न बदलता स्वतःच मंजूर करायचा, तो मतदानाला पाठवायचा, किंवा आधी त्याच्या परिणामांचा अहवाल मागवायचा. अहवाल ३० दिवसांत यावा लागतो, आणि मग पहिल्या दोनांपैकी एक निवडावंच लागतं. दुरुस्ती करून मंजूर करणं हा पर्याय नाही. रेफरेंडम असेल तर कौन्सिलने एकतर आपला कायदा पूर्ण मागे घ्यायचा, नाहीतर मतदानाला ठेवायचा. मागे घेतला किंवा मतदारांनी फेटाळला, तर पुढचं एक वर्ष तोच कायदा पुन्हा करता येत नाही.

मतदानाच्या दिवशी रेफरेंडमवर बराच गोंधळ होतो. प्रश्न असा असतो की कौन्सिलचा अमुक कायदा मंजूर करावा का. म्हणजे ‘हो’ म्हटलं तर कायदा टिकतो, ‘नाही’ म्हटलं तर पडतो. ज्यांनी महिनाभर पिटिशनसाठी सह्या मागितल्या, त्यांनाच नंतर ‘नाही’वर शिक्का मारा असं सांगत फिरावं लागतं. सही करताना ‘हो’ म्हटलेला मतदार आपल्या बाजूने समजून मतपत्रिकेवरही ‘हो’ म्हणून येऊ शकतो. इनिशिएटिव्हमध्ये उलट, तिथे ‘हो’ म्हणजे पिटिशनच्या बाजूने. शहराच्या तिजोरीतून या प्रचारात एका बाजूला पैसे घालता येत नाहीत, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं. वस्तुनिष्ठ माहिती देणं मात्र चालतं.

मतदारांनी मंजूर केलेला इनिशिएटिव्ह फार पक्का असतो. त्यात मुभा ठेवलेली नसेल तर कौन्सिलला तो बदलता किंवा रद्द करता येत नाही, त्यासाठी पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. नापा काउंटीचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. द्राक्षमळ्यांच्या या प्रदेशात १९९० साली मतदारांनी ‘मेझर जे’ (Measure J) नावाचा इनिशिएटिव्ह मंजूर केला. त्यानुसार शेतीसाठी राखलेल्या जमिनीचा वापर बदलायचा तर, ठरावीक अपवाद सोडून, पुढची तीस वर्षं मतदारांची परवानगी लागणार होती. इतक्या लांबवर पुढच्या प्रतिनिधींचे हात बांधता येतात का, असा दावा झाला. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांच्या बाजूने निर्णय दिला. २००८ मध्ये मतदारांनी हीच तरतूद २०५८ पर्यंत वाढवली. एका पिटिशनमधून सुरू झालेली गोष्ट दोन पिढ्यांच्या जमिनीचं भवितव्य ठरवते आहे. त्यामुळे इनिशिएटिव्हचा मसुदा लिहिताना प्रत्येक वाक्य दहा वर्षांनी वाचणाऱ्याच्या नजरेतून बघायला हवं. त्यात चूक राहिली तर ती दुरुस्त करायलाही निवडणूकच लागेल.

कशावर पिटिशन चालते आणि कशावर नाही, हा सगळ्यात अवघड भाग, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ढोबळ नियम असा की धोरण ठरवणारा निर्णय लोकांपुढे नेता येतो, आधीच ठरलेल्या धोरणाची अंमलबजावणी करणारा निर्णय नेता येत नाही. कॅलिफोर्नियात जमिनीचं झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हा नियम, बदलणं हे धोरण मानलं जातं, भूखंड कितीही छोटा असो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवलं. पण त्याच जमिनीवर झोनिंगच्या नियमात बसणाऱ्या इमारतीला दिलेला परवाना ही अंमलबजावणी झाली. शिवाय तातडीचे कायदे, कर बसवणारे कायदे, रोजच्या खर्चाची तरतूद आणि निवडणुका जाहीर करणारे निर्णय रेफरेंडमच्या कक्षेबाहेर असतात. शहर चालायचं थांबू नये यासाठी.

ओहायो राज्यातल्या कायाहोगा फॉल्स शहरात हा फरक किती महाग पडू शकतो ते दिसलं. १९९६ मध्ये तिथल्या कौन्सिलने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या एका गृहप्रकल्पाचा आराखडा मंजूर केला. प्रकल्प झोनिंगच्या नियमात बसत होता. विरोध करणाऱ्या रहिवाशांनी शहराच्या सनदेनुसार सह्या जमवल्या, परवाना थांबला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंजुरी रद्द केली. १९९८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच अवैध ठरवलं. आराखड्याला मंजुरी देणं ही प्रशासकीय कृती होती, कायदा नव्हता, म्हणून ती सार्वमताला जाऊच शकत नव्हती. प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेचा नुकसानभरपाईचा दावा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ मध्ये शहराच्या बाजूने निकाल लागला. मतदान झालं, निकाल लागला, तरी शेवटी ते ग्राह्य धरलं गेलं नाही. घर मिळण्याची वाट बघणारी कुटुंबं मात्र तोवर ताटकळली. पिटिशनचा हक्क शेजारी कोण राहील हे ठरवायला वापरला जातो तेव्हा न्यायालयाने आखलेली ही रेषा मला आवश्यक वाटते.

नागरिकांचं हत्यार म्हणून आलेली ही सोय कंपन्याही वापरतात. २००४ मध्ये वॉलमार्टने कॅलिफोर्नियातल्या इंगलवुड शहरात स्वतःच्या महादुकानासाठी इनिशिएटिव्हला पाठबळ दिलं. शहराची नेहमीची छाननी आणि जनसुनावणी टाळून थेट मतदारांकडून मंजुरी घ्यायची, असा तो मसुदा होता. सुमारे ६० टक्के मतदारांनी तो फेटाळला. पण सोनोरा नावाच्या छोट्या गावात वेगळं घडलं. वॉलमार्टच्या विस्ताराला मंजुरी देणाऱ्या पिटिशनवर पुरेशा सह्या आल्या आणि कौन्सिलने मतदान न घेता ती जशीच्या तशी स्वीकारली. मग पर्यावरणाच्या अभ्यासाचं काय? २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कौन्सिल इनिशिएटिव्ह न बदलता स्वीकारते तेव्हा राज्याच्या पर्यावरण कायद्याखालचा अभ्यास लागत नाही. म्हणजे सह्या जमवल्या की मोठी छाननी टळते. कायद्याच्या अक्षरात हे बसतं, तरी हा दरवाजा बंद व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं. सॅन डिएगोमध्ये महादुकानांवर निर्बंध घालणारा कायदा कौन्सिलने केला, वॉलमार्टने रेफरेंडमच्या सह्या आणल्या, आणि २०११ मध्ये कौन्सिलने निवडणुकीचा खर्च टाळण्यासाठी कायदा मागे घेतला. मतदारांना विचारण्याची वेळच आली नाही.

सह्यांसाठी पैसे देण्यावर बंदी घातली तर? कोलोराडोने घातली होती. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली, कारण सही मागणं हे राजकीय भाषण आहे आणि ते पैसे देऊन करून घेणं घटनेने संरक्षित आहे. सह्या गोळा करणारे नोंदणीकृत मतदारच असावेत, ही अटही त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये उडवून लावली. ओरेगॉनने मधला मार्ग काढला. २००२ मध्ये तिथल्या मतदारांनी दर सहीमागे पैसे देण्यावर बंदी आणली. तासाचा पगार द्या, पण सहीचा भाव लावू नका. फसवून सही घेण्याचा मोह त्याने कमी होतो, आणि हा नियम न्यायालयात टिकलाही आहे.

जॉर्जिया राज्यातल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की नियमांची ताकद कळते. किनाऱ्यावरच्या कॅम्डेन काउंटीला रॉकेट सोडण्याचं केंद्र उभारायचं होतं आणि त्यासाठी जमीन विकत घ्यायची होती. रहिवाशांनी राज्यघटनेतल्या एका फारशा न वापरलेल्या कलमाचा आधार घेतला, सह्या जमवल्या, आणि मार्च २०२२ मध्ये झालेल्या मतदानात ७२ टक्क्यांनी जमीनखरेदी नाकारली. लोकांना असा अधिकारच नाही, असं काउंटीचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लोकांची बाजू धरली.

त्याच वर्षी अटलांटात पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राविरुद्ध पिटिशन निघाली. मुदत ६० दिवस, लागणाऱ्या सह्या ५८ हजारांच्या आसपास. सह्या गोळा करणारा अटलांटाचाच रहिवासी हवा, अशी अट होती. केंद्र शहराच्या हद्दीबाहेर, ज्या डीकाल्ब काउंटीत होतं, तिथल्या लोकांनी ती न्यायालयात आव्हानली. जुलैमध्ये न्यायाधीशांनी अट थांबवली आणि मुदत नव्याने मोजायला सांगितलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला वरच्या न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ११ सप्टेंबरला आंदोलकांनी पेट्या भरभरून, त्यांच्या म्हणण्यानुसार १ लाख १६ हजार सह्या महापालिकेत आणल्या. शहराने सांगितलं की मूळ मुदत ऑगस्टमध्येच संपली होती, म्हणून तपासणी सुरू करता येत नाही. मतदान झालं नाही, केंद्र उभं राहिलं. केंद्र हवं की नको याबद्दल कोणाचं काहीही मत असो, लाखाहून जास्त सह्या तारखेच्या वादात पडून राहाव्यात ही गोष्ट मनाला लागते. आणि म्हणूनच, मुदतीबद्दल न्यायालयात दावा चालू असला तरी मूळ तारीख हीच खरी मानून काम करावं, असं मी कोणालाही सांगेन.

नियम वेगळ्या पद्धतीनेही लिहिता येतात. जर्मनीतल्या बव्हेरियाने १९९५ मध्ये, तेही सार्वमतानेच, गावं आणि शहरांसाठी असा अधिकार आणला. तिथे सह्या जमवायला मुदतच नाही. लोकसंख्येनुसार सह्यांचं प्रमाण उतरतं, दहा हजारांपर्यंतच्या गावात मतदारांच्या १० टक्के, पाच लाखांहून मोठ्या शहरात ३ टक्के. मोठ्या शहरात घरोघरी पोहोचणं अवघड असतं, हे या आकड्यांनी मान्य केलेलं आहे. पिटिशन दिल्यावर कौन्सिलने एका महिन्यात ती ग्राह्य आहे की नाही ते सांगायचं, आणि ग्राह्य ठरली की त्याविरुद्ध जाणारे निर्णय शहराला घेता येत नाहीत. मतदान तीन महिन्यांत. निकालासाठी मात्र आणखी एक अट आहे. नुसतं बहुमत पुरत नाही, जिंकणाऱ्या बाजूला एकूण मतदारांपैकी गावाच्या आकारानुसार १० ते २० टक्क्यांची साथ लागते. आणि निकाल फक्त एक वर्ष बंधनकारक असतो. जून २०१२ मध्ये म्युनिकच्या ५४.३ टक्के मतदारांनी विमानतळाची तिसरी धावपट्टी नाकारली. कायद्याने शहर एका वर्षानंतर मोकळं होतं, पण शहराने तो कौल पुढेही मानला.

एक प्रश्न लोक हमखास विचारतात, की सही केली तर नाव जगजाहीर होईल का. कॅलिफोर्नियात पिटिशनवरच्या सह्या सार्वजनिक नोंद मानल्या जात नाहीत. पिटिशन अपुरी ठरली तर पुरस्कर्त्यांना कारण तपासण्यासाठी त्या बघता येतात, त्यासाठी २१ दिवस मिळतात. बाकी राज्यांत चित्र वेगळं असू शकतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका प्रकरणात, २०१० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सह्या उघड करणं सर्वसाधारणपणे घटनेविरुद्ध नाही असं म्हटलं. मालक किंवा शेजारी बघतील अशी धास्ती असेल तर आपल्या राज्याचा नियम सही करण्याआधी विचारून घ्यावा.

दुकानाच्या दाराशी कोणी कागद पुढे केला तर घाईने सही करू नये. सारांश वाचावा, तुम्ही पैसे घेऊन सह्या गोळा करताय का हे विचारावं, पूर्ण मजकूर दाखवायला सांगावं. रेफरेंडम असेल तर कौन्सिलने नेमकं काय मंजूर केलं ते घरी जाऊन शहराच्या संकेतस्थळावर बघून दुसऱ्या दिवशीही सही करता येते. आणि सही केल्यानंतर लक्षात आलं की आपल्याला सांगितलं एक आणि कागदावर आहे दुसरंच, तर कॅलिफोर्नियात ती मागे घेता येते. सिटी क्लार्ककडे तसं लेखी कळवायचं, त्यात आपलं नाव, नोंदणीतला पत्ता आणि पिटिशनचं नाव लिहायचं, खाली सही करायची. हा अर्ज पिटिशन जमा होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पोहोचायला हवा. पिटिशन कधी जमा होणार ते आधी जाहीर होत नाही, त्यामुळे चूक लक्षात आली त्याच दिवशी तो नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी.